नऊ उलट्या पाठी

माझ्या ओव्हनमध्ये गेल्या दीड वर्षात खाण्याचा एकही पदार्थ भाजला गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी "ताई, केक कधी?" असं विचारायला नको. त्यात भाजले जातात फक्त प्लास्टिकचे पत्रे. पत्रा तापून मऊ पडला, मधून लोंबायला लागला, की माझा धाकटा भाऊ तो चौकटीसकट उचलतो, साच्यावर दाबतो आणि ओरडतो, "ताई, चालू कर!" मग मी व्हॅक्युम क्लीनरचं बटण दाबते. साच्याखालची हवा ओढली जाते, पत्रा साच्याला गच्च बसतो आणि बघता बघता तिथे एक खांदा तयार होतो. किंवा गुडघा. एकदा अर्धंच पोट तयार झालं, कारण मधेच दाराची बेल वाजली आणि मी बटण बंद करून दार उघडायला गेले. त्यावरून तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तसा तो एरवीही बोलत नाही, त्यामुळे तो रागावलाय हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

तर हा माझा भाऊ. वय बावन्न, लग्न नाही, धंदा कवळ्या घडवण्याचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवतात. हा मागच्या खोलीत बसून ठशात प्लास्टर ओततो, मेणात एकेक दात बसवतो, घासतो, चमकवतो आणि कवळी डबीत घालून परत पाठवतो. कितीतरी लोक त्याच्या हातचे दात घालून हसत हिंडतात, पण ते त्याला ओळखत नाहीत आणि हा त्यांना ओळखत नाही, फक्त त्यांचे दात ओळखतो. एकदा बसथांब्यावर एक गृहस्थ मोठ्याने हसले, तर हा माझ्या कानाशी लागून म्हणाला, "ताई, वरची माझी आहे." मी म्हटलं, जा की, सांग त्यांना. त्याने कानाला हात लावला आणि आलेली बस सोडून दिली, कारण ते गृहस्थ त्याच बसमध्ये चढले होते!

मी याच्या अगदी उलट. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तीस वर्षं तक्रारींच्या खिडकीवर बसले, त्यामुळे आवाजही तयार झालाय आणि जीभही. आमच्या घरात दोघांच्या वाटणीचं मी एकटीच बोलते. बारा वर्षांपूर्वी आमचे हे गेले, लेक लग्न होऊन लांब गेली, तेव्हा चार दिवस म्हणून भावाकडे आले ती राहिलेच. आता लेक तीन वर्षं मागे लागलीय, आई, इकडे ये, माझ्याजवळ राहा. हल्ली तर तिला दिवस गेलेत, त्यामुळे तिचा सूर आणखी चढलाय. मलाही जायचंय हो! नातवंडाचं तोंड बघायला कुणाला नको असतं? पण माझं घोडं अडलं होतं ते या मुखस्तंभापाशी. मित्र नाही, शेजारपाजार नाही. चार ठिकाणी मुली बघायला गेलो, चारही ठिकाणी मुलीच्या वडिलांशी मीच गप्पा मारल्या आणि हा बशीकडे बघत बसला. मी निघून गेले तर हा माणूस आठवड्यात किती शब्द बोलेल, याचा मी हिशेब करत बसायची.

आणि दीड वर्षापूर्वी एके दिवशी जेवताना तो आपणहून म्हणाला, "ताई, रविवारी माझ्याबरोबर येशील? काही लोक चिलखतं करतात. मला बघायचीत."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. चिलखतं म्हणजे तलवारीवाली नव्हेत. आम्ही लहान असताना टीव्हीवर तेरा भागांची एक मालिका लागायची. अवकाशात एक तळ, त्याला एक भलंमोठं दार आणि दारावर नऊ पहारेकरी, पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या चिलखतात, चेहरा झाकलेला. हे पहारेकरी अख्ख्या मालिकेत एक अक्षर बोलत नाहीत. आता आमच्या बंधुराजांना तीच मालिका का आवडली, हे काही वेगळं सांगायला नको.

तर त्या पहारेकऱ्यांची चिलखतं हुबेहूब बनवणाऱ्या लोकांची एक पलटण आहे, असं त्याने कुठेसं वाचलं होतं. तो एकटा काही आत शिरणार नव्हता, म्हणून मी. दर रविवारी ही पलटण गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवणाऱ्याच्या दुकानात जमायची, कारण रविवारी दुकान बंद आणि जागा मोठी. पलटणीत माणसं आठ. दुकानाचा मालक, त्याला सगळे सीटवाला म्हणायचे. चिलखताखालचे काळे कपडे आणि पट्टे त्याच्याकडे. एक गाड्यांना रंग मारणारा, तो पेंटर. तोंडाने फटकळ, हाताने सोनं. बाकी कुणी पाव भाजणारा, कुणी शाळेतली प्रयोगशाळा सांभाळणारी. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर मोजपट्टी. या बाई पुलांचे नकाशे काढायच्या कचेरीत नोकरीला होत्या. पर्समध्ये कंगवा नसला तरी चालेल, पण केसभर जाडी मोजायचा कॅलिपर हवाच, अशी बाई. त्यांना तोंडावरही सगळे मोजपट्टीच म्हणायचे आणि त्यांना त्याचं कौतुक होतं.

यांचा नियम एकच. पडद्यावर दिसलं तसं करायचं. तसं म्हणजे अगदी तसंच! त्या काळी शूटिंगच्या घाईत कुणीतरी पहारेकऱ्यांच्या डाव्या गुडघ्याची वाटी उलटी बांधली होती म्हणे. तर हे आठही शहाणे डाव्या गुडघ्याची वाटी मुद्दाम उलटी बांधायचे. मी म्हटलं, "अहो, पण ती चूक आहे ना?" तर मोजपट्टी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मीच ती वाटी उलटी बांधली होती. "ताई, चूक असली तरी पडद्यावरची आहे," त्या म्हणाल्या. मी हात टेकले.

त्या दिवशी त्यांचा रंगावरून वाद चालला होता. चिलखत पांढरं, पण कोणतं पांढरं? दोन वर्षं हा वाद मिटत नव्हता. पेंटर सात डबे मांडून बसला होता. कुणी म्हणे दुधासारखं, कुणी म्हणे कागदासारखं. आमचा धाकटा कोपऱ्यात एका सुट्या सीटवर अंग चोरून बसला होता. तो उठला, खिशातून एक पट्टी काढली, जिच्यावर फिक्या-गडद छटांचे नकली दात ओळीने लावलेले असतात, आणि मालिकेचा मोठा केलेला फोटो भिंतीवर होता त्याला एकेक दात लावून बघायला लागला. चौथ्या दाताशी थांबला आणि म्हणाला, "ए दोन."

"म्हणजे काय?" पेंटरने विचारलं.

"ए दोन. पस्तिशीतल्या माणसाचा दात. चहा पिणाऱ्या."

पेंटरने तो दात हातात घेतला, फोटोला लावला, पुन्हा लावला, आणि सातही डबे पायाने सरकवून म्हणाला, "दोन वर्षं आमचे दात घशात गेले होते, आणि हा माणूस खिशात घेऊन हिंडतोय!" मग त्यांनी त्याला नाव दिलं अक्कलदाढ. सगळ्यांत शेवटी आली, पण आली एकदाची. माझ्या भावाला बावन्न वर्षांत पहिल्यांदा टोपणनाव मिळालं. घरी येताना तो रस्त्याने तीनदा हसला, मी मोजलं.

पण लगेच पलटणीत घेत नाहीत हो. आधी उमेदवार. मोजपट्टीकडे त्रेसष्ट मुद्द्यांचा एक तक्ता होता, शिरस्त्राणाच्या फटीपासून बुटाच्या टाचेपर्यंत. सगळे मुद्दे पास झाले, खाली त्यांची सही झाली, की माणूस पक्का. पडद्यावर पहारेकरी नऊ, पलटण आठांची. कुठे प्रदर्शनात चालायची वेळ आली की ते चौथ्यानंतर एका माणसाची जागा मोकळी सोडून चालायचे. ती नववी जागा आता याची होणार होती. मी मनातल्या मनात सामानाची यादी करायला लागले. आठ माणसं मिळाली, दर रविवार ठरला, तर मला लेकीकडे जायला काय हरकत होती?

पुढचं वर्षभर आमच्या घराचा कारखाना झाला. कवळ्यांवर हात बसलेला माणूस तो, मिलिमीटरची गोष्ट त्याला शिकवावी लागत नव्हती. पण मोजपट्टीही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हेत. शिरस्त्राण तीनदा परत पाठवलं. एकदा कशासाठी, तर डोळ्यांवरची काच केसभर गडद होती! मी चिडले, "असली कसली माणसं तुझी?" तर हा शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं," आणि चौथी काच कापायला बसला. प्रत्येक वेळी नापास झाला की त्याच्याबरोबर दोघंतिघं घरी यायचे, चूक दुरुस्त करायला मदत म्हणून. नापास करायचं आणि वर कामालाही यायचं, अशी ती मंडळी.

आता पाठीचं सांगते, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. मालिकेत पहारेकरी कायम समोर तोंड करून उभे. पाठ कुणी पाहिलीच नव्हती. सगळ्यांनी आपापल्या मनाने पाठी केल्या होत्या, आणि त्या त्रेसष्ट मुद्द्यांत पाठीचा रकाना कोराच होता. मोजपट्टीला त्या रकान्यापायी झोप लागत नसे. तर आमच्या अक्कलदाढेने जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांतून एक फोटो शोधून काढला. शूटिंगच्या वेळी कपडे बदलायच्या खोलीत एक पहारेकरी उभा आहे, शिरस्त्राण काखेत, चहा पितोय, आणि त्याच्यामागे मोठा आरसा आहे. आरशात पाठ दिसतेय! पाच तिरक्या खाचा, एक जाड नळी आणि कमरेशी एका अंगाला गोल बटण.

पलटण वेडीच झाली. धाकट्याने भिंग लावून, मेणावर कोरून साचा केला, आणि एक नाही, नऊ पाठी काढून दिल्या. सगळ्यांनी जुन्या पाठी फेकल्या, नव्या लावल्या. मोजपट्टीने खाच न् खाच मोजली, तक्त्यातला कोरा रकाना भरला आणि म्हणाल्या, "अक्कलदाढ, तुम्ही नसता तर आम्ही जन्मभर बिनपाठीचे राहिलो असतो." त्या दिवशी त्याला सगळ्यांनी साचा कसा केला ते सांगायला लावलं आणि तो सलग सात वाक्यं बोलला. मी पदराने डोळे पुसले आणि धूळ फार आहे तुमच्या दुकानात, असं सीटवाल्याला सुनावलं.

मग आली प्रदर्शनाची बातमी. मोठ्या सभागृहात छंदवाल्यांचं प्रदर्शन आणि उद्घाटनाला कोण, तर मालिकेची ती मूळ चिलखतं जिने स्वतःच्या हाताने बनवली होती ती बाई! वय ऐंशीच्या पुढे. तिच्यासमोर नऊच्या नऊ पहारेकरी चालणार आणि तिथेच मोजपट्टी याच्या तक्त्यावर सही करणार. रविवारी कार्यक्रम. मी लेकीला कळवून टाकलं की आता बहुतेक जमेल.

त्याआधीच्या सोमवारी त्याने घरी पूर्ण चिलखत चढवून बघितलं. सगळं उलटंपालटं झालं ते माझ्या हौसेपायी. मी म्हटलं, "अरे, त्या फोटोतल्यासारखा उभा राहा ना कपाटाच्या आरशासमोर, पाठ करून. हातात चहाचा कप घे. मी फोटो काढते, दोन्ही शेजारी शेजारी लावू." तो उभा राहिला. मी फोटो काढला. जुना फोटो भिंतीवर होताच, शेजारी माझा मोबाइल धरला आणि म्हटलं, "वा! फक्त तुझ्या खाचा दुसरीकडे तिरक्या दिसतायत बघ."

तो बघत राहिला. हातातला चहा चिलखतावर सांडला तरी बघतच राहिला. मग मटकन पलंगावर बसला, म्हणजे बसायला गेला, चिलखतात गुडघे वाकत नाहीत म्हणून तिरका टेकला.

"आरसा," तो म्हणाला.

मला दोन मिनिटं काही उमगेना. मग लख्ख कळलं. फोटोतली पाठ आरशातली होती. आरशात डावं ते उजवं दिसतं. याने दिसली तशी कोरली, म्हणजे खरी पाठ उलटी झाली. आणि त्याची एकट्याची झाली असती तर गोष्ट वेगळी. नऊ पाठी उलट्या! मोजपट्टीच्या कॅलिपरनेही पकडली नाही, कारण मापं तंतोतंत होती, फक्त बाजू चुकली होती. जन्मभर लोकांच्या ठशांतून उलट्याचं सुलट करणारा माणूस, आणि त्याने हे करून ठेवलं.

"त्यांना सांगायला हवं," तो म्हणाला.

"अजिबात नाही!" मी कडाडले. "सहा दिवस राहिलेत. वर्षभर मान मोडून काम केलंस. कुणाला कळणार आहे? पाठ बघतो कोण?"

"ती बाई बघेल."

"ऐंशी वर्षांची आहे ती! आणि बघितली तर बघू दे. तू बोलायचं नाहीस. एरवी बोलत नाहीस ना? मग आताच कसला कंठ फुटतोय?"

हे मी बोलले. बोलले ते बोलले, लपवून काय करू. मला दिसत होतं ते एवढंच, की आठ माणसांची सगळी मेहनत याने वाया घालवली, हे त्यांना कळलं की ते याला दारातूनच परत पाठवतील. हुबेहूबपणासाठी जीव टाकणारी माणसं ती, केसभर गडद काच न चालणारी. मग हा पुन्हा आपल्या मागच्या खोलीत, कवळ्यांत, मूग गिळून. आणि मग मी कुठली जातेय?

मंगळवारी संध्याकाळी दुकानात चालण्याचा सराव होता. जाताना तो काही बोलला नाही, म्हणून मला वाटलं, ऐकलं माझं. तिथे सगळे चिलखतं चढवून ओळीत उभे राहिले. हा मात्र साध्या कपड्यांत, हातात आपली पाठ घेऊन पुढे जाऊन उभा राहिला. तोंड उघडलं. आवाज येईना. पुन्हा उघडलं. घामाने डबडबलेला. मला राहवेना, मी उठले, "अहो, त्याला असं म्हणायचंय की..."

"ताई, थांब," तो म्हणाला. "मी सांगतो."

आणि त्याने सांगितलं. अडखळत, चुकत, पण सगळं. फोटो, आरसा, खाचा, बटण. "माझ्यामुळे तुमच्या सगळ्यांच्या पाठी उलट्या झाल्या," असं म्हणून थांबला.

पेंटरने सगळ्यांत आधी तोंड उघडलं. "मग उलटी करून घातली तर?"

"मग आतली बाजू बाहेर येईल," धाकटा म्हणाला.

"हां. ते काही चांगलं दिसणार नाही."

मोजपट्टी पुढे आल्या. शिरस्त्राण काढलं, फोटो घेतला, पर्समधला छोटा आरसा काढून फोटोपुढे धरला. बघितलं. मग तक्त्यांची फाइल मागवली. मला वाटलं, झालं, संपलं! वरच्या कागदावर त्यांनी लाल पेनाने लिहिलं, नापास. मी मान लांब करून बघितलं तर तो त्यांच्या स्वतःच्या नावाचा कागद. मग दुसरा कागद, नापास. तिसरा, नापास. पेंटर ओरडला, "मी सहा वर्षं पास आहे!" तर त्याला म्हणाल्या, "होतात." असे आठ झाले. नवव्या कागदावर लिहायला घेतलं आणि माझ्या भावाकडे न बघता म्हणाल्या, "मापं मी घेतली, बाजू मी बघितली नाही. चूक माझी पण आहे. नऊ नापास. नवा साचा किती वेळात होईल?"

"दो... दोन दिवस," तो म्हणाला.

"आणि ओव्हन?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले, आणि मान हलवली.

पुढचे चार दिवस आमच्या घरात काय चाललं होतं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि माझ्याकडे शब्द नाहीत म्हणजे बघा. कुणी रजा टाकलेली, कुणी आजारी असल्याचं कळवून आलेला. स्वयंपाकघरात प्लास्टिकचा वास, मोरीत प्लास्टर, माझ्या पलंगावर सीटवाल्याचे पट्टे. मी टोस्ट आणि चहा यांच्यापलीकडे काही केलं नाही आणि कुणी मागितलंही नाही. प्रयोगशाळेवाली व्हॅक्युम क्लीनर सांभाळायची, मला त्या कामावरून काढून टाकण्यात आलं. आणि आमचे बंधुराज! "आणखी तापव! अजून! आता सोड! सीटवाले, तुमचा हात मधे का आहे?" तो ओरडत होता. सीटवाल्यावर! सीटवाला "सॉरी, अक्कलदाढ" म्हणत होता. मी दाराआडून ऐकत होते आणि मला खोटं वाटत होतं की हा माझाच भाऊ.

शनिवारी दुपारी नववी पाठ साच्यातून निघाली. सुलट. मोजपट्टीने मोजली आणि या वेळी आरसाही लावला.

रविवारी सभागृहात नऊ पहारेकरी चालत आले, मधे जागा न सोडता. त्यातला कोणता माझा, हे मला ओळखता आलं नाही, याचं जरा वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. ती म्हातारी बाई काठी टेकत ओळीच्या पुढून गेली, गुडघ्याची उलटी वाटी बघून खुदकन हसली, आणि मग ओळीच्या मागे गेली. पाठींशी. कितीतरी वेळ तिथेच. नऊही शिरस्त्राणांच्या काचांवर आतून वाफ धरलेली मला दिसत होती.

शेवटी मोजपट्टीच्या शिरस्त्राणातून आवाज आला, "बाई, खाचा बरोबर बाजूला आहेत ना?"

"कुठल्या बाजूला?" म्हातारी म्हणाली. "अगं, वेळ कुठे होता तेव्हा! पाठ काही कॅमेऱ्यात येणार नव्हती. काही इकडून बसवल्या, काही तिकडून. हाताला येईल तशी."

ओळीत कुणीतरी कण्हलं, तो पेंटर असणार. मोजपट्टीने शिरस्त्राण काढलं, पट्ट्यातून वही काढली आणि विचारलं, "किती इकडून आणि किती तिकडून, ते आठवतं?" बाईला आठवत नव्हतं. तेव्हापासून पलटणीत नवा वाद सुरू झालाय आणि तो आणखी दोन वर्षं तरी मिटत नाही. सही मात्र झाली. सहीखाली मोजपट्टीने बारीक अक्षरात लिहिलं, "पाठ: दोन्ही बाजूंनी पास."

घरी आल्यावर मी त्याच्या चिलखताचे पट्टे सोडवत होते. तो म्हणाला, "ताई, तुझ्या लेकीला मी कळवलंय. तू पुढच्या आठवड्यात येतेयस म्हणून."

"मला न विचारता?" माझा पारा चढला. "आणि तुला कुणी सांगितलं मी जाणार आहे ते?"

"भिंत पातळ आहे. तीन वर्षं तुझे फोन ऐकतोय. माझ्यापायी अडकलीयस ते." त्याने हातमोजा काढला, नीट घडी घातली. "म्हणून तर गेलो त्या लोकांकडे. एकट्याने जायचा धीर नव्हता, तर तुलाच घेऊन गेलो."

मी समजत होते, मी याला सांभाळतेय! "आणि तो आरसा? बोलला नसतास तर काय बिघडलं असतं? माणसं गेली असती तर?"

"खोटं लपवून माणसं राहिली असती, तर तू गेल्यावर मला रोज भीती वाटली असती," तो म्हणाला. एवढं लांब वाक्य त्याने माझ्याशी कधी बोललेलं मला आठवत नाही.

मला रडू कोसळलं. रडता रडता मी त्याच्या प्लास्टिकच्या छातीवर दोन गुद्दे हाणले. "मेल्या, हे दीड वर्षापूर्वी सांगायला काय झालं होतं तुला?"

"तेव्हा सांगितलं असतं, तर निघाली असतीस?"

नसते निघाले. कितीही सांगितलं असतं तरी नसते निघाले. आता निघतेय, परवा सकाळी.